संथ गाणे आणि संथ केलेले गाणे

फोनवर चाललेले गाणे अर्ध्या वेगाने ऐकायचे असेल तर आज त्यासाठी वेगळे अॅप बसवावे लागत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये यूट्यूब आधीपासूनच असते आणि त्यात वेग पाव पटीपर्यंत खाली आणता येतो. आयफोनच्या ‘व्हॉइस मेमोज’ या ध्वनिमुद्रकात २०२१ पासून एक सरकपट्टी आहे. तिच्या एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा काढलेला असतो. काही फोनच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रकात किंवा गाणी वाजवण्याच्या सोयीतही वेगाचा पर्याय सापडतो. ब्राउझरमध्ये ध्वनिफीत उघडली तर तीन टिंबांवर बोट ठेवून तो पुष्कळदा मिळतो. गाणे, तबला, सतार शिकणारी मुले या सोयीचा उपयोग करू लागली आहेत. द्रुत लयीतली तान अर्ध्या वेगाने लावायची, तिच्यातले स्वर वहीत उतरवायचे आणि मग गळ्यावर चढवायचे, असा हा अभ्यास चालतो.

आपण पुस्तकाचे परीक्षण करतो, प्रयोगशाळेतल्या उपकरणाचे करतो. तसे या ‘०.५’ लिहिलेल्या बटणाचे परीक्षण करणे हा या लेखाचा हेतू आहे. ते बटण काय करते, काय करत असल्याचा आभास निर्माण करते आणि शिकणाऱ्याने त्याच्यावर किती विसंबावे, हे तीन प्रश्न त्यात येतात. फोन तांत्रिकदृष्ट्या कमी पडतो एवढेच सांगायचे असते, तर दोन ओळी पुरल्या असत्या. पण या बटणामागे ध्वनिशास्त्रातला एक मूलभूत पेच दडलेला आहे, आणि तो शाळेतल्या दोन नादकाट्यांनी दाखवता येतो.

जुना संथपणा

आधी जुनी रीत पाहू. ४५ फेऱ्यांची तबकडी ३३⅓ फेऱ्यांवर लावली की गाणे संथ होई आणि त्याचबरोबर आवाजाची पट्टीही उतरे. कारण सरळ आहे. तबकडीवरच्या खाचेतली वळणे सुईखालून जितक्या सावकाश जातील, तितकी दर सेकंदाची कंपने कमी होतील. ३३⅓ ला ४५ ने भागले तर ०.७४ येते, म्हणजे जवळजवळ ३/४. आता मध्य षड्जाची कंपनसंख्या १ धरली तर पंचमाची ३/२ आणि मंद्र पंचमाची ३/४ होते. म्हणजे या तबकडीतला गायकाचा सा घसरून जवळजवळ मंद्र पंचमावर जाई. स्पूल टेपरेकॉर्डरवर सेकंदाला साडेसात इंच हा वेग बदलून पावणेचार इंच केला की वेग बरोबर निम्मा होई आणि सा मंद्र सप्तकातल्या सा वर उतरे.

या संथपणात गायकाचा आवाज गुहेतून आल्यासारखा जाडाभरडा होई. एरवी मात्र सगळे प्रामाणिक होते. सा आणि ग यांचे गुणोत्तर तेच राही, ठेक्याच्या मात्रांतले अंतर सारख्या प्रमाणात वाढे आणि मूळ ध्वनीत नसलेले काहीही त्यात येत नसे. शिकणाऱ्याची अडचण एवढीच, की त्याला आपली पेटी किंवा तंबोरा त्या नव्या पट्टीत लावून घ्यावा लागे.

फोन ही अडचण दूर करतो. गाणे अर्ध्या वेगाने चालते, पण सा आपल्या जागेवर राहतो. हे घडते कसे?

तुकडे आणि जोड

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. पुढे होलोग्राफीसाठी १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळालेले डेनिस गाबोर यांनी १९४६ मध्ये ध्वनीची वेळ आणि कंपनसंख्या यांच्या नात्याविषयी एक महत्त्वाचे लेखन प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी चित्रपटाच्या फितीवरची ध्वनिपट्टी आणि खाचा पाडलेले फिरते पिंप वापरून हीच करामत करण्याचे एक यंत्रही वर्णिले आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत फेअरबँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय फितीसाठी तशी पद्धत मांडली. १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या फ्लॅनॅगन आणि गोल्डन यांनी ध्वनीचे वेगवेगळ्या कंपनसंख्यांत पृथक्करण करून त्याला ताणण्याची दुसरी वाट दाखवली. आजचे फोन याच दोन वाटांनी जातात.

पहिली वाट समजायला सोपी आहे. गायकाने २५० हर्ट्झचा स्वर लावला आहे असे समजा. त्याचे एक कंपन ४ मिलिसेकंदांचे होईल. या ध्वनीचा २० मिलिसेकंदांचा तुकडा कापला तर त्यात ५ कंपने येतील. तोच तुकडा लागोपाठ दोनदा वाजवला, की ४० मिलिसेकंदांत १० कंपने होतील. वेळ दुप्पट झाला, पण सेकंदाला कंपने २५० च राहिली. सगळ्या गाण्याचे असे तुकडे करून प्रत्येक दोनदा वाजवला, की गाणे निम्म्या वेगाने आणि मूळ पट्टीत ऐकू येते. प्रत्यक्षात तुकड्यांची टोके एकमेकांवर चढवून, एकाचा आवाज उतरवीत आणि दुसऱ्याचा चढवीत जोड झाकतात. शिवाय जोड अशा ठिकाणी देतात, की लाटेचा चढ चढाला आणि उतार उताराला मिळावा. शिंप्याने पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाला जोड देताना पट्टी पट्टीला मिळवावी, तसेच हे काम आहे.

आता एक साधा हिशेब करू. ०.७५ वेगाला मूळचे तीन तुकडे चार होऊन येतात, म्हणजे ऐकू येणाऱ्या ध्वनीतला पाव भाग पुनरुक्तीचा असतो. ०.५ ला अर्धा भाग पुनरुक्तीचा आणि ०.२५ ला पाऊण. पाव वेगाने ऐकताना मूळ ध्वनी चार आण्यांचा असतो आणि बारा आणे फोनने भरलेले असतात. बटणावर हे कुठेही लिहिलेले नसते.

जमेची बाजू

या भरतीला लगेच खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. स्वर जिथे काही काळ स्थिर असतो, तिथे एक कंपन पुढच्या कंपनासारखेच असते आणि पुनरुक्तीने काहीही बिघडत नाही. एकट्या गळ्याचे गाणे, बासरी किंवा एका तारेवर वाजवलेली सरळ सुरावट ०.७५ वेगाने ऐकली तर बहुतेकांना वेग बदलल्याचा त्रास होणार नाही.

कोणत्या स्वरानंतर कोणता आला, तान समेच्या किती मात्रा आधी सुटली, तिहाईचा तिसरा तुकडा कुठे सुरू झाला, या प्रश्नांची उत्तरे ही सोय चांगली देते. लय मिनिटाला २४० मात्रांची असेल आणि मात्रेला दोन स्वर पडत असतील, तर सेकंदाला ८ स्वर होतात. एका स्वराच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात. नवशिक्या कानाला यातला क्रम पकडणे अवघड जाते. अर्ध्या वेगाने त्याला पाव सेकंद मिळतो आणि क्रम उलगडतो. ज्या मुलांना रोज गुरूंसमोर बसायला मिळत नाही, त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

उणी बाजू

आता तबल्याकडे वळू. ‘ना’ वाजताना बोट चाटेवर पडते तो आघात काही मिलिसेकंदांत संपतो. तो ज्या तुकड्यात आला तोच तुकडा दोनदा वाजला, तर एका आघाताचे दोन आघात होतात. ते इतक्या जवळ असतात की दोन ठोके म्हणून मोजता येत नाहीत. बोल जाड, दुहेरी झाल्यासारखा वाटतो. पाव वेगाला तर ‘तिरकिट’मधला प्रत्येक बोल घरंगळतो. हे टाळण्यासाठी काही पद्धती आघात ओळखून त्याला न ताणता सोडून देतात, पण प्रत्येक फोनमध्ये तशी काळजी घेतलेली असतेच असे नाही.

दुसरी उणीव संगतीत दिसते. जोड द्यायला लाटेची पट्टी पट्टीला मिळायला हवी, असे वर म्हटले. गळा, पेटी, तंबोरा आणि तबला एकत्र वाजत असतील तर कोणाची पट्टी मिळवायची? एकाची मिळाली की दुसऱ्याची तुटते, आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा हेलकावतो. कंपनसंख्यांच्या पृथक्करणाची वाट इथे अधिक बरी, पण तिची स्वतःची किंमत आहे. सा १३० हर्ट्झचा असेल तर कोमल रिषभ सुमारे १३८.७ हर्ट्झचा होईल. तंबोऱ्याचा सा चालू असताना गायकाने कोमल रिषभ लावला, तर या दोन कंपनसंख्या वेगळ्या ओळखण्यासाठी ध्वनीचा साधारण ११५ मिलिसेकंदांचा तुकडा एकावेळी तपासावा लागतो. पण तानेतला एक स्वरच १२५ मिलिसेकंदांचा होता! तुकडा मोठा घेतला तर क्षण पुसट होतो, लहान घेतला तर स्वर पुसट होतो. गाबोर यांनी १९४६ मध्ये हेच मांडले होते. हा दोष कोणत्याही कंपनीचा नाही, तरंगांचा स्वभावच तसा आहे.

दोन नादकाटे आणि एक पेच

सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आता येते. शाळेच्या प्रयोगशाळेतले २५६ हर्ट्झचे दोन नादकाटे घ्या. एकाच्या भुजेला थोडे मेण लावून त्याची कंपनसंख्या २५४ वर आणा. दोन्ही एकदम वाजवले की सेकंदाला २ विस्पंदे ऐकू येतील, कारण विस्पंदांची संख्या म्हणजे दोन कंपनसंख्यांमधला फरक. हा आवाज फोनवर मुद्रित करा आणि अर्ध्या वेगाने लावा. आता सेकंदाला किती विस्पंदे ऐकू यायला हवीत?

एक विद्यार्थी म्हणेल, वेग निम्मा झाला, म्हणून १. दुसरा म्हणेल, फोनने दोन्ही स्वर जागेवर ठेवले आहेत, फरक अजूनही २ आहे, म्हणून २. दोघांचेही तर्क बिनचूक आहेत आणि दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. विस्पंदे १ झाली असतील तर दोन स्वरांमधला फरक १ हर्ट्झच उरला, म्हणजे स्वर जागेवर राहिले नाहीत. २ राहिली असतील तर ही घटना संथ झालीच नाही.

जुन्या टेपरेकॉर्डरला हा पेच पडत नसे. तिथे २५६ चे १२८ आणि २५४ चे १२७ होत. फरक १ आणि विस्पंदेही १. फोनला मात्र निवड करावी लागते. साधारणपणे त्याचे तुकडे अर्ध्या सेकंदाच्या विस्पंदापेक्षा कितीतरी लहान असतात. त्याला दोन वेगळे स्वर दिसतच नाहीत, चढउतार होणारा एकच स्वर दिसतो, आणि तो चढउतार फोन संथ करतो. म्हणून बहुधा १ हेच उत्तर मिळेल. वर्गात मोजून पाहा.

याचा परिणाम व्यवहारातही होतो. तंबोऱ्याची जोड किंचित विसंवादी लागली असेल, तर अर्ध्या वेगाच्या ध्वनिफितीत ती प्रत्यक्षापेक्षा अधिक जुळल्यासारखी वाटेल. जवारीत उमटणाऱ्या वरच्या स्वरांची चाल बदलेल. दरबारीतल्या गंधाराचे आंदोलन असो की तानेतली गमक असो, सेकंदाला ६ वेळा हलणारा स्वर ३ वेळा हलेल. गाण्यातला कोणता चढउतार ‘स्वर’ म्हणून जपायचा आणि कोणता ‘घटना’ म्हणून ताणायचा, हे फोन आपल्या तुकड्याच्या लांबीवरून ठरवतो. गायकाला काय म्हणायचे होते, याची त्याला कल्पना नसते.

संथ गाणारा काय करतो?

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. माणूस संथ गातो तेव्हा तो सगळे सारख्या प्रमाणात ताणत नाही. ‘काल’ हा शब्द हळू म्हणा. लांबतो तो ‘आ’. ‘क’ जवळजवळ तेवढाच राहतो. ‘क’ आणि ‘ख’ यांत मुख्य फरक वेळेचा आहे. ‘क’च्या स्फोटानंतर स्वरतंतू लवकर कंप पावू लागतात, तर ‘ख’मध्ये मधे श्वासाचा झोत असतो आणि कंपन बरेच उशिरा सुरू होते. फोन हे अंतरही दुप्पट, चौपट करतो. तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याच्या आवाजात ‘काल’ मुद्रित करून पाव वेगाने लावा आणि तो ‘खाल’कडे झुकतो का ते वर्गाला ऐकू द्या.

गाण्यातही असेच आहे. गुरू शिष्याला द्रुत तान विलंबित करून सांगतात, तेव्हा स्वरांचे अंतर वाढवतात, वजन कुठे द्यायचे ते ठळक करतात. गमकेचा हेलकावा मात्र निम्म्या गतीने करीत नाहीत. तबलजी कायदा बराबरीच्या लयीत वाजवतो तेव्हा त्याच्या बोटाचा आघात दुप्पट लांब होत नाही. संथ गाणे ही एक वेगळी, विचारपूर्वक केलेली कृती आहे. संथ केलेले गाणे हे जलद गाण्याचे लांबवलेले चित्र आहे. फोटो मोठा केला म्हणून माणूस जवळ येत नाही. हा फरक न जाणणारा विद्यार्थी फोनमधली ढिली गमक घोटून बसवील आणि लय वाढवताना ती का जमत नाही, म्हणून स्वतःच्या गळ्याला दोष देईल.

ही सोय कोणासाठी?

२०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून वेग बदलण्याची क्षमता त्या प्रणालीतच आली. तिच्यात ‘सॉनिक’ ही खुली संगणक-संहिता वापरलेली आहे. सॉनिक मुळात बोलण्यासाठी लिहिली गेली, आणि तीही विशेषतः दुपटीहून जलद ऐकण्यासाठी. संगणकाने वाचून दाखवलेला मजकूर अंध व्यक्तींना भरभर ऐकता यावा, हा तिच्यामागचा हेतू होता. हेतू अतिशय चांगला आणि त्या कामाला संहिता उत्तम. पण संगतीचे गाणे अर्ध्या वेगाने ऐकणे हे काम त्याच्या नेमके उलट टोकाचे आहे. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये ध्वनिसंदेशांना वेगाची सोय दिली, ती दीडपट आणि दुप्पट अशी. खाली जाण्याचा विचारच नव्हता. गाणी ऐकवणाऱ्या अनेक सेवा हा पर्याय बोलक्या कार्यक्रमांना देतात, गाण्याला देत नाहीत. फोनच्या जगात वेग म्हणजे वेळ वाचवणे. सावकाश ऐकून शिकणारा त्यांच्या हिशेबात उशिरा आलेला पाहुणा आहे.

तंत्रज्ञांना हा फरक ठाऊक नाही असेही नाही. ॲपल कंपनी अॅप लिहिणाऱ्यांना स्वतंत्र पद्धती उपलब्ध करून देते: एक संगीतासाठी, एक बोलण्यासाठी आणि एक पट्टीसकट वेग बदलणारी, म्हणजे थेट जुन्या टेपसारखी. ब्राउझरमध्येही पट्टी राखायची की नाही, हे वेबपान लिहिणाऱ्याला ठरवता येते. निवड उपलब्ध आहे, फक्त ती ऐकणाऱ्याच्या हाती दिलेली नाही. ‘पट्टी राखून संथ’ आणि ‘पट्टीसकट संथ’ अशी दोन बटणे शेजारी असती, तर विद्यार्थ्याला दोन्ही ऐकून तुलना करता आली असती. त्या तुलनेतून वेग आणि कंपनसंख्या यांचे नाते जितके समजले असते, तितके ते फळ्यावरच्या सूत्राने समजत नाही. एकच बटण देऊन फोन उत्तर देतो आणि प्रश्न लपवतो.

वापरावे, पण कसे?

तोवर आहे ती सोय जाणून वापरावी. क्रम आणि मात्रा शोधायला ०.७५ पुरत असेल तर ०.५ वर जाऊ नये, आणि पाव वेग फक्त एखाद-दुसऱ्या अडलेल्या जागेपुरता ठेवावा. शक्य असेल तेव्हा एकट्या गळ्याची किंवा एकाच वाद्याची ध्वनिफीत निवडावी. गमक, आंदोलन, मींड, आघात आणि जवारी यांचा निर्णय नेहमी मूळ वेगाने ऐकूनच घ्यावा. आणि सुरांची जुळणी तपासायची असेल तर संथ केलेल्या ध्वनिफितीला साक्षीदार मानू नये.

शिक्षकांना यात एक तासाचा चांगला पाठ आहे. नादकाट्यांची विस्पंदे, ‘काल’ हा शब्द आणि एक टाळी, एवढेच मुद्रित करा. प्रत्येक ध्वनी ०.७५, ०.५ आणि ०.२५ वेगाने काय होईल याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधी वहीत लिहू द्या, मग ऐकवा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन मिळाले तर दोन्हींवर ऐकवा. टाळी दोन्हीकडे सारखीच ताणली जाते का ते पाहा. अंदाज आणि अनुभव जिथे जुळणार नाहीत, तिथे पाठ सुरू करायचा.